टाचणीची फी

१२ एप्रिल

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही.

तुझा पत्ता गोदीतल्या तुझ्या जुन्या मुकादमाकडून मिळवला. तो आधी द्यायलाच तयार नव्हता. मी म्हटलं, पैसे मागायला नकोय मला पत्ता, तेव्हा दिला. त्यावरून तुझी तिथे काय ख्याती आहे ते कळलं. असो. मी भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर इतकी वर्षं थांबले नसते.

काम तुझ्या लेकीचं आहे. बायको गेल्यावर "दोन महिने सांभाळ, घर बघतो आणि नेतो" म्हणून माझ्याकडे सोडलीस ती. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि अंगाने काडीसारखी, म्हणून दुकानाच्या गल्लीत सगळे तिला टाचणी म्हणतात. टोचतेही तशीच.

ती कॉलेजात चालली आहे. माणसाला कृत्रिम हात-पाय बसवून देण्याचं एक शास्त्र असतं, ते शिकायला. हे खूळ कुठून आलं विचारशील तर आमच्याच दुकानातून. एक निवृत्त मास्तर आहेत, चाकांच्या खुर्चीवर असतात. बसून बसून त्यांना जखमा व्हायच्या. खुर्ची गादी बदलायला आली, तेव्हा मी माझा नेहमीचा चांगला फोम घातला. टाचणी म्हणाली, "आत्या, थांब." मास्तरांना चक्क ओल्या मातीच्या पाटावर बसवलं, हाड कुठे टेकतं त्याचा ठसा घेतला, आणि फोमचे वेगवेगळे थर कापून, मधे खळगा ठेवून गादी बनवली. मास्तरांच्या जखमा भरल्या. मी जन्मभर सोफे शिवले, पण बसणाऱ्याचं हाड कुठे टेकतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी मी कापड कापताना दोनदा चुकले, सारखं तिच्याकडेच बघत होते म्हणून.

प्रवेश मिळाला. फीचा आकडा बघून मला घाम फुटला. ती मात्र एका नुसत्या सांगाड्यावर, म्हणजे गादी न घातलेल्या खुर्चीवर, तंगड्या लोंबकळत बसली आणि मला शिकवायला लागली. "आत्या, पैसे तीन प्रकारचे असतात. फुकटचे, कामाचे आणि परतीचे. फुकटचे म्हणजे फीमाफी आणि शिष्यवृत्ती. त्यात एक मार्कांवर मिळते, एक गरजेवर. कामाचे म्हणजे कॉलेजातच रोज थोडे तास काम करायचं, ते फीत वळते करतात. परतीचे म्हणजे कर्ज. आधी फुकटचे मागायचे, मग कामाचे, आणि तरी खड्डा उरला तरच परतीचे. लोक उलट्या बाजूने सुरू करतात आणि फसतात."

परवा एक टायवाला कर्जाचा एजंट दुकानात आला होता. "शिकत असताना एक पैसा भरायचा नाही," म्हणाला. मी तर लगेच भुलले. ती म्हणाली, "भरायचा नाही, पण व्याज चढतं ना? कुठल्या दिवसापासून?" एजंटाने टाय सैल केला. चहा अर्धा टाकून गेला तो.

तर गरजेवरच्या मदतीसाठी कॉलेजात साहाय्य कक्ष म्हणून एक खातं आहे, कॉलेजचं नाव मागे लिहिलंय. त्यांचा नियम असा, की आई नसेल आणि वडील हयात असतील, तर आपण काय कमावतो आणि मुलीला काय देतो हे वडिलांनी लिहून द्यायचं. तू काय देतोस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तेवढंच एका कागदावर लिही. "मी मुलीचा खर्च करत नाही." का, कशामुळे, ते काही नको. मला पाठव, मी जोडीन. याशिवाय तिची फाइल पुढे सरकत नाही. मदत मिळाली नाही तर ती जाऊ शकत नाही, इतकं ते सरळ आहे.

ती स्वतःच तुला लिहिणार होती. मीच नको म्हटलं. "तुम्ही मला काही देत नाही असं लिहून द्या," असं मुलीने बापाकडे मागावं, हे मला बघवलं नसतं.

मी बरी आहे. उजवा अंगठा थोडा धरतो, बाकी काही नाही.

तुझी (अजून तरी) ताई


४ मे

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. तू जिवंत आहेस हे मुकादमाने सांगितलं नसतं, तर मी काळजी केली असती.

इथे एक घोळ झालाय. माझ्याच हातून. कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहत नाहीये, आणि तू दूर आहेस हे बरंच आहे, हसलास तरी मला दिसणार नाही.

साहाय्य कक्षाचा माणूस घर बघायला येणार होता. असे ते येतात, अर्जात लिहिलंय तसंच घर आहे का बघायला. टाचणी त्या दिवशी शाळेतून दाखला आणायला गेली होती. जाताना बजावून गेली, "आत्या, काही करू नकोस. चहा दे आणि विचारतील ते सांग."

आता मला सांग, आपल्या घरी पाहुणा येणार आणि आईने काही केलं नाही असं कधी झालं का? शेजारून कप आणायची, वरच्या मजल्यावरून पडदे आणायची. तुझ्या शाळेचे हेडमास्तर आले होते तेव्हा तर पंखासुद्धा उसना आणून लावला होता. ते बसले आणि पंख्याचा मालक पंखा मागायला आला. तू तोंडात बोळा कोंबून हसत होतास. तेच रक्त माझ्या अंगात आहे.

आमच्या घरात धड बसायला काही नाही, हे तुला ठाऊक नसेल. दिवसभर दुसऱ्यांचे सोफे शिवते, पण स्वतःच्या घरात दोन बुटकी स्टुलं आणि एक पत्र्याची पेटी. सरकारी-बिरकारी माणूस येणार आणि पेटीवर बसणार? खाली दुकानात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा तयार होता. गडद हिरवी मखमल, पाठीला खोल बटणं, कडेने पितळी खिळ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी पोचवायचा होता. मी हमालाला म्हटलं, तासाभरापुरता वर चढव.

गृहस्थ आले. बारीक चणीचे, हातात फाइल, बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवणारे. सोफ्यावर बसले आणि जरा उडालेच, कारण स्प्रिंगा मी नव्या घातल्या होत्या. "छान आहे," म्हणाले. "नवीन का?"

आता इथे मी तोंड बंद ठेवायचं होतं. पण माझ्या कामाची कुणी तारीफ केली की माझी जीभ सैल सुटते. म्हटलं, "कालच तयार झाला. हात फिरवून बघा. असली मखमल या शहरात दोनच दुकानांत मिळते. किंमत सांगितली तर विश्वास बसणार नाही तुमचा."

त्यांनी हात फिरवला. मग फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

तो गिऱ्हाइकाचा आहे असं सांगायला मला काय झालं होतं? तूच सांग कसं सांगणार. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बूड टेकायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुकानातल्या पोरींना मी त्यावरून फाडून खाते. आणि स्वतः परक्या माणसाला त्यावर बसवून चहा पाजतेय, तोही बशीत सांडेल इतका भरून. लाजेने माझी वाचाच बसली. त्यांनी विचारलं, "मुलीचे वडील काही पाठवतात?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मखमलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी काहीतरी लिहिलं.

टाचणी जिन्यात त्यांना ओलांडून वर आली. दारातच थबकली. सोफा बघितला, माझा चेहरा बघितला. मला वाटलं आता ही मला सोडत नाही. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, आपल्याला गरीब दिसायचं नव्हतं गं. नुसतं आपण आहोत तसं दिसायचं होतं."

तिच्या वयाची असताना मला कुणी असं बोललं असतं तर माझं आयुष्य बरंच सोपं झालं असतं.

तुझा कागद पाठव. आता त्याची गरज दुप्पट झालीये.

ताई


२१ मे

धाकट्या,

माझ्या पत्राला उत्तर द्यायला तुला वेळ नाही, पण कॉलेजला परस्पर पत्र धाडायला आहे.

साहाय्य कक्षाच्या प्रमुख बाईंनी टाचणीला बोलावून ते दाखवलं. टाचणीने मला तोंडपाठ सांगितलं: "मी मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा नियमित रक्कम पाठवतो आणि पुढेही पाठवत राहीन. तिला काही कमी पडू देणार नाही." खाली तुझी सही, ती वेलांटीला झोकदार शेपूट काढलेली.

अरे, मी तुला काय लिहायला सांगितलं होतं? एक ओळ. खरी ओळ. आणि तू काय लिहिलंस!

रागाच्या भरात मी तुला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं, एवढंच सांगते. टाचणी ऐकून घेत होती. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाली, "संपलं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "त्यांनी पण सोफा वर चढवला, आत्या."

खरं आहे ते. परक्या माणसाने विचारलं, मुलीला काय देता, आणि तुला "काही नाही" लिहवेना. मला पेटी दाखववली नाही. आपण दोघं एकाच आईची पोरं. पण माझ्या सोफ्याने एक गैरसमज झाला, तुझ्या सहीने तिची फाइल बंद पडलीये. त्यांच्या दृष्टीने आता बाप पैसे पाठवतो, घरात मखमल आहे, आणि पोरगी लिहिते की आम्हाला गरज आहे. म्हणजे पोरगी खोटारडी.

पुढच्या आठवड्यात तिला समितीपुढे बोलावलंय. मी बरोबर जाणार आहे. तू दुसरं पत्र लिहून चूक दुरुस्त करशील अशी आशा मी ठेवलेली नाही. तरी वाट बघतेय, हेही सांगून टाकते.

ताई


९ जून

धाकट्या,

तुझं दुसरं पत्र आलं नाही. आम्ही तसेच गेलो.

ती तिथे कशी बोलली ते तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहितेय. तू बाप आहेस आणि तिथे नव्हतास. असायला हवा होतास असं मी ओरडून सांगणार होते, पण आज ओरडायचा मूड नाही. आज मला तिची नुसती तारीफ करायची आहे.

लांबट खोली, खिडकीशी टेबल, तिघं जण. मधे प्रमुख बाई, केस आखूड, चष्मा डोक्यावर. एका बाजूला एक वयस्क प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला आमचे पाहणीवाले गृहस्थ. बसायच्या खुर्च्या इतक्या वाईट भरलेल्या होत्या की माझं अर्धं लक्ष तिकडेच.

बाईंनी सरळ विषयाला हात घातला. आवाज वाईट नव्हता, पण गोडही नव्हता. "तुझे वडील लिहितात की ते दरमहा पैसे पाठवतात. तू लिहितेस, पाठवत नाहीत. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

मी उठणारच होते. तुझी सगळी कुंडली माझ्या जिभेवर तयार होती. टाचणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबांनी त्यांना जे करायचं होतं ते लिहिलंय," ती म्हणाली. "मी जे झालं ते लिहिलंय. तुम्हाला झालेलं हवंय, म्हणून माझं धरा."

प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं.

बाई म्हणाल्या, "तू त्यांना पाठीशी घालतेयस का?"

"नाही मॅडम. पाठीशी घालायचं असतं तर त्यांचंच खरं आहे म्हटलं असतं. मग मला मदत मिळाली नसती. मला मदत हवीय. पण मदतीसाठी बाबांना खोटारडं म्हणायचं नाहीये. ते मला ओळखतच नाहीत, त्यांनी माझ्याबद्दल जे बरं सुचलं ते लिहिलं."

धाकट्या, मी तिला वाढवलंय. तिचे केस विंचरलेत, तिच्या तापात रात्री काढल्यात, गणिताच्या पेपराआधी ती ओकली तेव्हा डोकं धरलंय. पण त्या खोलीत मला वाटलं, ही मला नीट माहीतच नव्हती. माझा ऊर इतका भरून आला की मला खोकला आल्याचं सोंग करावं लागलं.

मग पाहणीवाल्यांनी सोफ्याचं काढलं. मी सगळं सांगून टाकलं, डॉक्टरीणबाई, हमाल, पेटी, आई, उसना पंखा. प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. गृहस्थ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे खरं मी कशावरून धरू?"

टाचणी म्हणाली, "सर, पुन्हा या. पण न कळवता या."

आले ते. परवा सकाळी. मी जमिनीवर बसलेले, तोंडात खिळे धरलेले, केस पिंजारलेले, मांडीवर कुणाच्या तरी खुर्चीची पाठ. आमच्या धंद्यात खिळे तोंडातच धरतात, एकेक काढून ठोकायला सोपं जातं. त्यामुळे "या, बसा" म्हणायचीही सोय नव्हती. घरात तो पसारा! माझी नजर आपोआप शेजारच्या दाराकडे गेली, त्यांच्याकडे वेताची एक बरी खुर्ची आहे. टाचणीने माझं कोपर असं घट्ट धरलं की अजून निळं आहे.

गृहस्थ पेटीवर बसले. दोन्ही खोल्या बघितल्या, म्हणजे बसल्या जागेवरूनच मान वळवून. मग पहिल्यांदाच हसले.

"कितीतरी वर्षं मी घरं बघतोय," म्हणाले. "गरिबीचं सोंग करणारे भरपूर भेटले. टीव्ही पलंगाखाली सरकवतात. श्रीमंतीचं सोंग करून फीमाफी मागणारं घर हे पहिलंच."

चहा दोनदा घेतला. जाताना आपल्या ऑफिसातली खुर्ची दुरुस्त करायला काय घ्याल विचारून गेले.

निकाल अजून यायचाय. जीव टांगणीला लागलाय. ती मात्र खाली फोम कापतेय आणि शीळ घालतेय.

ताई


१८ जुलै

धाकट्या,

मिळालं!

गरजेवरची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे फीचा मोठा भाग सुटला. उरलेल्यासाठी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रोज थोडे तास काम, फोम आणि कातडं कापायचं. तिथल्या मास्तरांनी तिला कात्री धरताना पाहिलं आणि म्हणे बाकी काही विचारलंच नाही. वसतिगृहाच्या खर्चासाठी साहाय्य कक्ष दरमहा थोडी रक्कम देईल. परतीच्या पैशांना हात लावावा लागला नाही. तिने जसं सांगितलं होतं तसंच, आधी फुकटचे, मग कामाचे, आणि खड्डा उरलाच नाही.

मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले. भंगारवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आता तुमच्या सोफ्यांचं काय होणार?" मी म्हटलं, सोफे गेले उडत. मग घरी येऊन थोडी रडले, कारण सोफ्यांचं काय होणार हे मलाही ठाऊक नाही. अंगठा आता बराच धरतो. हे तिला कळवायचं नाही.

तुला हे कळवायची खरं तर गरज नव्हती. पण आनंद झाला की घरच्यांना सांगावासा वाटतो, आणि घरचं म्हणायला मला ती आणि तू एवढेच आहात. ते मला आवडो न आवडो.

तुझी ताई


६ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुझे पैसे पोचले. माझ्या जुन्या खात्याचा नंबर तू अजून जपून ठेवला होतास, याचं मला आश्चर्य वाटलं. सोबतची चिठ्ठीही वाचली. भागीदाराने तुला कसं बुडवलं, मग तोंड दाखवायची लाज वाटली, मग एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी लिहिणं आणखी अवघड झालं, हे सगळं. मी काही म्हणत नाही. हे सगळं तू आधी लिहिलं असतंस तर मी चार शिव्या देऊन तुला घरी बोलावलं असतं, एवढंच म्हणते.

शेवटी तू लिहिलंयस, "कॉलेजला कळवू नकोस, उगाच तिची मदत कापतील. तिला वरखर्चाला होतील. पुढेही पाठवीन." हे तू प्रेमाने लिहिलंस हे मला समजलं. माझ्याही मनात तेच होतं. गुपचूप तिच्या हातात द्यायचे आणि विसरून जायचं.

ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्यापुढे तुझी चिठ्ठी आणि पैसे ठेवले. बॅग भरत होती. चिठ्ठी वाचली, घडी केली, पुन्हा उघडून वाचली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, "नको असतील तर परत करू."

"नको. परत नाही."

"मग ठेव. कुणाला कळतंय?"

"आत्या!" असा आवाज काढला की मीच शरमले. मग तिने साहाय्य कक्षाच्या बाईंना फोन लावला, माझ्यासमोर, मला ऐकू येईल असा. म्हणाली, बाबांकडून पैसे आलेत, नोंद करा.

बाई चांगल्या आहेत रे. वाटल्या होत्या त्याहून खूप चांगल्या. म्हणाल्या, "अगं, एकदा आलेत ना? एकदाचीच भेट म्हणून लिहिते. मग काही कापावं लागत नाही. दरमहा लिहिलं तर तेवढी रक्कम तुझ्या मदतीतून दर महिन्याला कमी होईल."

मी जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. टाचणी म्हणाली, "दरमहा लिहा, मॅडम."

"नीट विचार कर. पुढे येतीलच याची खात्री आहे तुला?"

"खात्री नाही. पण पुढेही पाठवीन असं बाबांनी लिहिलंय. मी तेवढं धरते."

"आणि नाही आले तर?"

"तर मी तुमच्याकडे येईन आणि वर्कशॉपचे तास वाढवून मागेन. वर्ष बुडणार नाही, ते मी बघून ठेवलंय. झोप कमी होईल फक्त."

पलीकडे बाईंनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. लिहिलं." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "शहाणी आहेस की वेडी, हे मला कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. मी चिडले. तिला म्हटलं, एवढं झगडून मिळवलेलं स्वतःच्या हाताने कमी करून घेतलंस? तुझ्या हातात काय जास्त आलं? एक पैसा नाही! तो पाठवणार तेवढंच इकडून जाणार!

ती बॅगेची चेन ओढत होती, ती अडकली होती. वर न बघता म्हणाली, "पैसे नाही आले जास्त. बाबा आले."

मी तिथेच बसले, पेटीवर. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, खरं सांगते. वयाने एवढीशी, आणि मन किती मोठं आहे तिचं. इतक्या वर्षांत तुझं नाव काढलं की ती विषय बदलायची. मला वाटायचं हिने तुला मनातून काढून टाकलं. काढून टाकलेल्या माणसासाठी कुणी आपली झोप पणाला लावत नाही.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. म्हटलं, "ठीक आहे, कर तुझ्या मनासारखं. एखाद्या महिन्यात त्याचे नाही आले तर मी गुपचूप भरीन, बाबांनी पाठवले म्हणून."

तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा हलकेच चोळला. तिला सगळं ठाऊक होतं, मी उगाच लपवत होते. म्हणाली, "नको आत्या. तू भरलंस तर बाबांनी पाठवले की नाही, ते मला कळणार कसं?"

काल तिला गाडीत बसवून आले. खिडकीतून हात हलवत होती, हसत होती. घरी आल्यावर दोन्ही खोल्या एवढ्या मोठ्या कधी झाल्या कोण जाणे.

तर धाकट्या, आता असं आहे. साहाय्य कक्ष दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिला पैसे देतो, आणि तुझ्या वाट्याचे त्यात नसतात. ते तू द्यायचे. थोडेच आहेत, पण तेवढे तरी तुझेच हवेत. उशीर होणार असेल तर तिला लिही, मला नको. तिचा वसतिगृहाचा पत्ता मागच्या पानावर दिलाय, नीट मोठ्या अक्षरात. जमणार नसेल तर तेही तिलाच लिही, ती तुला खोटारडा म्हणणार नाही. ते तू माझ्या पत्रात वाचलंच आहेस.

आणि मी मधे पडणार नाही. तुझी लाज झाकायला मी पुष्कळ केलं असतं, आईने माझ्या गळ्यात ते कामच बांधलं होतं. पण तिने माझा हात धरून नको म्हटलंय. पहिल्या आठवड्यात मी माझे हात मांडीखाली घेऊन बसेन, जीव तिकडे ओढेल तरी.

तिला कळायचंय. कळू दे.

तुझी ताई